आप्पांच्या होडीची खोड

विष्णूआप्पा कुठेही गेले की आधी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक वर धरून वारा बघायचे. लग्नात, बाजारात, एकदा तर स्मशानातसुद्धा. "पश्चिमेचा हाय. मांडवाची कनात सोडा, न्हाईतर आक्षता सासूच्या डोळ्यात जात्याल," असं ते अनोळखी यजमानालाही बजावायचे.

उद्यमनगरात त्यांचा लेथ मशीनचा कारखाना होता. साठी उलटल्यावर ते कसलासा सुटा भाग आणायला गोव्याला गेले आणि टेम्पोत शर्यतीची जुनी शिडाची होडी घालून परतले. काकूंनी दारातच कपाळाला हात लावला. "लोकं गोव्यास्नं काजू आणत्यात. आमच्या ह्यांनी होडी आणली. आता हिला बांधू कुठं, न्हाणीत?"

राधानगरी रस्त्यावरच्या एका तलावावर ती ठेवली. अंग टरफलासारखं पातळ, शीड मात्र अवाढव्य. वारा जरा वाढला की ती डावीकडे लवंडायची. मग दुसऱ्या माणसाने कमरेला दोर बांधून, काठावर पाय रोवून उजवीकडे पाण्यावर लटकायचं. तो दुसरा माणूस मी. निवृत्त पोस्टमास्तर, पोहण्याची बोंब, वजन भरपूर. "मास्तर, सरकारनं तुमास्नी तीस वर्सं खुर्चीत बसवून हे प्वाट तयार केलं, ते आज कामाला आलं बघा!" सुकाणू धरून आप्पा ओरडायचे. माझी बायको नुकतीच गेली होती, मुलं पुण्याला. आठवड्यात मी फक्त रविवारी हसत असे.

पुढे आप्पांचे गुडघे गेले. होडीत पाय दुमडून बसणं जमेना. एका रविवारी आलो तर शिडाच्या डोलकाठीला पाटी बांधलेली: विकणे आहे. मी म्हटलं, "राहू दे की आप्पा, कुणाला काय अडचण आहे तिची?" ते चिडले. "शर्यतीचं जनावर दावणीला बांधून मारायचं व्हय? हिनं समुद्राचा वारा खाल्ला पायजे. माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे."

आप्पांचे वडील बैलांचे व्यापारी. बैल विकताना त्याची खोड आधी सांगायची, ही त्यांच्या घरची रीत. "खोड लपवून इकल्यालं जनावर रातीत परत दारात येतं," असं आप्पा म्हणायचे. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की चहाच्या आधी खोड. "पावणं, वारा वाढला की ही डावीकडं लवंडती. शेजारी माणूस लागतो. एकट्याचं काम न्हवं." जाणकार गिऱ्हाइकाला त्यात वावगं वाटायचं नाही. होडी पसंत पडायची. मग त्याला रस्त्यापर्यंत सोडायला मी जायचो.

तिथं मी काय करायचो, ते आज लिहितो. फाटकापाशी आवाज खाली आणून सांगायचो, "तुम्ही लांबून आलात म्हणून सांगतो. तळाला चीर आहे. वरून रंग मारलाय." गिऱ्हाईक परत फिरकत नसे. चीर कुठेही नव्हती. होडी गेली की रविवार जाणार, एवढंच मला दिसत होतं.

आप्पा मात्र कोड्यात पडायचे. "मास्तर, पसंत करत्यात आन जात्यात कुठं? माझं बोलणं कडू हाय व्हय?" हळूहळू गावभर झालं की आप्पा चिरलेला माल रंग मारून खपवतात. ज्यांनी उभ्या आयुष्यात खोड लपवली नाही, त्यांच्याबद्दल हे. त्यांच्या कानावर आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कुणाचं तरी प्वाट दुखत आसंल. दुखू दे." पाटी तशीच राहिली आणि आप्पा गेले.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर, खाली कुणी उतरेना. भाऊबंद एकेक पुढे होऊन सांगू लागले. "काकूंची काळजी घेतो." "कारखाना चालवतो." मला ठाऊक होतं काय राहिलंय. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवून मी पुढे पाऊल टाकलं, आणि तेवढ्यात कावळा पिंडाला शिवला. "आप्पा तृप्त गेला बघा, कायबी राहिलं न्हवतं," कुणीतरी म्हणालं. मी पाऊल मागे घेतलं. घाटावरचं ते वाक्य खरं नाही. राहिलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

पुढच्या महिन्यात मालवणहून एक बाई जीप घेऊन आल्या. मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवतात. त्यांनी होडी पालथी करायला लावली आणि बोटांच्या पेरांनी सगळा तळ ठोकून पाहिला.

"चीर आहे असं ऐकलं होतं."

"मीच उठवलं होतं ते. खोटं होतं."

"का हो काका?"

"होडी जाऊ नये म्हणून."

त्यांनी पुन्हा एकदा तळावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग हिच्यात खोड काहीच नाही?"

"आहे. वारा वाढला की लवंडते. शेजारी माणूस लागतो."

पाटी मीच सोडली. होडी जीपमागे जोडली गेली. फाटकापर्यंत मी या वेळीही सोडायला गेलो, पण तोंड उघडलं नाही. जीप वळली तेव्हा खांद्यावरच्या टॉवेलचं टोक वर धरून पाहिलं. पश्चिमेचा होता.