लोखंडावरचं कुंकू

केदारखेड्याच्या मच्छिंद्रकडं टॉकीजचे जुने स्पीकर आहेत असं कुठून तरी ऐकून दोन हजार तीन साली औरंगाबादचा एक गृहस्थ मोटार घेऊन गावात आला. स्पीकरची असली जुनी युनिटं गोळा करायचा त्याला नाद होता. मच्छिंद्रनं लाकडी डब्याची मागची फळी खोलून दिली. गृहस्थानं आत वाकून बघितलं आणि विचारलं, "लोहचुंबकाला गंज चढलाय का हा?"

"गंज न्हाई, कुंकू हाय," मच्छिंद्र म्हणाला.

"घासलं तर निघेल ना?"

"निघंल की. पण घासायचं कशाला?"

सौदा तिथंच मोडला. माझं शिलाईचं दुकान मच्छिंद्रच्या दारासमोर, त्यामुळं जाता जाता गृहस्थ माझ्याकडं आला आणि हा काय प्रकार म्हणून विचारू लागला. मी म्हणालो, खेड्यातली माणसं आहोत, श्रद्धा असते. शहरातल्या माणसाचं एवढ्यावर समाधान होतं. तो गेला. मच्छिंद्र श्रद्धाळू वगैरे कधीच नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही.

मच्छिंद्रनं एक्याऐंशी साली भावांच्या गळ्यात शेती घातली आणि स्पीकरचा धंदा काढला. आवाज वाढवायचं एक मशीन, दोन भोंगे, एक बॅटरी आणि सायकल. लग्न, बारसं, निवडणूक, हरवलेली म्हैस, सगळ्याला भोंगा लागायचा. धंदा बरा चालला, पण त्याला स्वतःलाच भोंग्याचा आवाज आवडायचा नाही. भोंग्यातून बोललं की सासरा काय आणि जावई काय, सगळे पत्र्याचेच वाटतात, असं तो म्हणायचा. गिऱ्हाइकासमोरही म्हणायचा, हा त्याचा मूर्खपणा.

त्याच्या मनात एकच होतं. आमच्या दत्तमंदिरात दरसाल दत्तजयंतीचा सप्ताह होतो. आजूबाजूची गावं लोटतात. त्या सप्ताहाला कायम भोकरदनचा भोंगेवाला यायचा. आपल्या गावानं एकदा तरी कीर्तन आपल्या स्पीकरवर ऐकावं, आणि माणसाच्या आवाजात ऐकावं, ही मच्छिंद्रची इच्छा. दुसऱ्या कशासाठी तो कुणाच्या पाया पडला असता असं मला वाटत नाही.

पंच्याऐंशीच्या सुमाराला राजूरच्या जत्रेत येणारी तंबू टॉकीज बसली. व्हिडिओ आला आणि तंबूकडं कुणी फिरकेना. मालक साहेबराव कनाती, खुर्च्या, यंत्रं, जे जाईल ते विकत होता. पडद्यामागचे दोन मोठे स्पीकर भंगारवाला वजनावर मागत होता. मच्छिंद्र तिथं पोचला. त्यानं ते वाजवून बघायला मागितले नाहीत. युनिट आडवं ठेवलं, दोन्ही अंगठे कागदी शंकूवर समोरासमोर टेकवले, हलकेच दाबलं आणि कान जवळ नेला. दाबताना खरखर आली नाही की आतली तारेची कॉइल चांगली. एका युनिटचा काठ उंदरांनी कुरतडला होता, दुसऱ्याच्या मधल्या टोपीला भोक होतं. साहेबराव म्हणाला, "घेऊन जा बाबा. तुझ्याकडं वाजतील. हा भंगारवाला तर तोडून तांबं काढून राह्यला."

मच्छिंद्रनं ती युनिटं बैलगाडीतून, खाली कडबा घालून आणली. बाळंतिणीलाही आमच्याकडं एवढं जपून आणत नाहीत.

मग दुरुस्ती सुरू झाली. कुरतडलेल्या काठाला त्यानं टीपकागदाचा लगदा आणि सरस लावून ठिगळ दिलं. पिठाची खळ बिलकुल लावायची नाही, खळ उंदरांना जेवणाचं आवतण असतं, असं मला बजावून सांगितलं, जणू मीच लावणार होतो. टोपीसाठी त्याला विरळ मलमल हवी होती. माझ्याकडं तेव्हा लाल मलमलच उरली होती, ती दिली. मधली जागा त्यानं मला दाखवली. लोहचुंबकात केसभर रुंदीची एक गोल फट असते, तिच्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी वरखाली हलते, आणि त्या हलण्यातून आवाज येतो. फटीत कण जरी गेला तरी आवाज घासायला लागतो. म्हणून धूळ नको, ओल नको, गुलाल तर मुळीच नको. पावसाळ्यात तो युनिटं लाकडी डब्यांतून काढून गोधडीच्या तुकड्यांत गुंडाळून ट्रंकेत ठेवायचा.

गावाशी त्याचं बिनसलं ते इथंच. खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येकजण आपली हत्यारं पुजतो. नांगर, पाभर, विळे, माझी कात्री आणि शिलाई मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. मच्छिंद्र पक्कड मांडायचा, भोंगे मांडायचा, टॉकीजची युनिटं मात्र ट्रंकेतच. झुंबरबाई, म्हणजे त्याची बायको, आरतीचं ताट घेऊन उभी राहायची आणि हा म्हणायचा, "हळद काय, कुंकू काय, पूडच की. देवाला चालतं, फटीला चालत न्हाई."

बाईला हे लागायचं. तिचं म्हणणं साधं होतं. ज्याच्यावर एवढा जीव, त्यालाच हळदीकुंकू नाही, हे कोणत्या घरात चालतं? ती चार बायकांत बोलली. चार बायकांतलं पुंजारामबापूंच्या कानावर गेलं. बापू सप्ताहाचे प्रमुख, शब्दाचे पक्के आणि कानाचे हलके. ते म्हणाले, "ज्या मशीनला कुंकू लागत न्हाई, ती देवळात कशी आणायची?" झालं. सप्ताहाची सुपारी पुन्हा भोकरदनला गेली. आपल्याच बोलण्यानं नवऱ्याचं काम गेलं, हे झुंबरबाईला फार उशिरा कळलं. कळल्यावर ती याबद्दल कुणाशी बोलायची बंद झाली.

अठ्ठ्याऐंशी साली भोकरदनच्या भोंगेवाल्यानं त्याच दिवसांत दुसऱ्या गावचा सप्ताह धरला. बापूंचा नाइलाज झाला. दसरा तोंडावर असताना त्यांनी मच्छिंद्रला बोलावलं आणि सांगितलं, "यंदा तुझे डबे लाव. पण काही इकडंतिकडं झालं तर पुन्यांदा मागायला येऊ नको."

मच्छिंद्र उडत घरी आला. खंडेनवमीला तो जाफराबादला होता, तिथल्या देवीच्या मंडळानं भोंगे सांगितले होते. परत आला, युनिटं ट्रंकेतून काढून डब्यांत बसवली, आणि सप्ताह लागला.

पहिले सहा दिवस गावाला नवे कान फुटले असं म्हणायला हरकत नाही. महाराजांनी श्वास घेतलेला ऐकू यायचा. साळूबाई नावाची म्हातारी देवळाच्या पार शेवटाला बसायची. ती म्हणाली, "महाराज माझ्या कानापाशी येऊन सांगून राह्यले." मच्छिंद्र मशीनपाशी मान खाली घालून बसलेला असायचा, पण त्याच्या मिशा सगळं सांगत होत्या. बापूही काही बोलले नाहीत, आणि बापूंचं न बोलणं ही आमच्याकडं शाबासकी धरतात.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. माणूस मावत नव्हता. देवळामागं बायका महाप्रसादाच्या पोळ्या लाटत होत्या, झुंबरबाई त्यांच्यात होती. कीर्तन रंगात आलं आणि बायकांच्या बाजूचा डबा घरघरायला लागला. आधी थोडं, मग महाराजांच्या शब्दाशब्दाला खरखर. काल्याचं कीर्तन थांबवता येत नाही. वीणेकरी वीणा खाली ठेवत नाही, मग महाराज कसे थांबणार? मच्छिंद्रनं त्या डब्याची तार काढली. पुरुषांना ऐकू येत राहिलं, बायकांची बाजू मुकी झाली. तिकडून कुजबुज उठली.

त्यानं डबा देवळाच्या मागच्या ओट्यावर आणला. मी कंदील धरावा तशी उजेडाची बॅटरी धरून बसलो, डब्यात उजेड पडेना म्हणून. बापू आलेच, त्यांच्यामागं दोघंचौघं. बापूंनी आवाज खाली ठेवला, कीर्तन चाललं होतं ना, पण धार ठेवली. "मच्छिंद्रा, नवमीला मशीन पुजायला काय झाल्तं तुला? देवाच्या दारात दगा दिला का न्हाई तिनं? आता भोग."

मच्छिंद्रनं डब्याची मागची फळी खोलली. युनिट बाहेर काढलं. अंगठ्यांनी दाबलं, घासत होतं. माझ्या लाल मलमलीच्या टोपीची एक कड सुटली होती. ती त्यानं उचलली, खाली आपला पांढरा रुमाल पसरला आणि युनिट पालथं करून मागून थोपटलं.

रुमालावर लाल पूड पडली. मागोमाग एक तांदळाचा दाणा, कुंकवात रंगलेला.

पोळ्या लाटता लाटता उठून झुंबरबाई ओट्याच्या कडेला आली होती. हात पिठानं भरलेले. तिनं दाणा बघितला आणि तिचा चेहरा असा झाला की मला पुढं काही विचारायची गरज उरली नाही. नवरा जाफराबादला असताना तिनं ट्रंक उघडली होती, युनिटं परातीसारखी उताणी मांडली होती, आणि काम नीट पार पडावं म्हणून मन लावून पूजा केली होती. वरचं कुंकू पुसलंही असेल. लाल कापडावर उरलेलं कुणाला दिसणार? मच्छिंद्रलाही दिसलं नव्हतं, आणि सहा दिवसांच्या हादऱ्यांनी ते सुटल्या कडेतून आत उतरलं होतं.

"हे काय निघालं?" बापूंनी विचारलं.

मला मनापासून वाटलं की आता मच्छिंद्र बोलेल. इतकी वर्षं गावानं त्याला पूजा न करणारा म्हणून वाळीत टाकल्यासारखं वागवलं होतं. मशीन बिघडली ती पूजा केली म्हणून, याचा पुरावा त्याच्या रुमालावर पडला होता, आणि तोही बापूंसमोर. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. त्याच्या जागी मी असतो तर दोन बोललो असतो.

मच्छिंद्रनं वर बघितलं. बापूंकडं, मग त्यांच्या पाठीमागं उभ्या बायकोकडं. मग रुमाल गोळा केला.

"अक्षता हाय, बापू. कुठल्या तरी लग्नात शिरली आसंल," तो म्हणाला. "साफ करायचं राह्यलं. चूक माझीच."

आमच्याकडं लग्नात अक्षता म्हणून रंगवलेली ज्वारी टाकतात. तांदूळ असतो तो घरच्या पूजेत. ओट्यावरच्या प्रत्येकाला हे माहीत होतं. बापूंनी रुमालाकडं बघितलं, एकदा मागं वळून झुंबरबाईकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं बरं. जल्दी कर." एवढ्या एका गोष्टीनं म्हातारा माझ्या हातून सुटला, नाहीतर त्याच्याबद्दल मी आज काही चांगलं लिहिलं नसतं.

मच्छिंद्रनं जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापली, तिला चिकटपट्टी लावली आणि ती फटीतून गोल गोल फिरवून लाल पूड काढत राहिला. पट्टी कोरी निघेपर्यंत फिरवली. टोपी चिकटवायला सरस नव्हता. तो मान वर न करता म्हणाला, "आगं, वाटीत थोडी खळ करून आण." झुंबरबाईनं कणीक पाण्यात शिजवून आणली. त्यानं ओल्या खळीनंच टोपी चिकटवली, डबा उचलला आणि तार जोडली. काल्याची दहीहंडी फुटायच्या आधी बायकांची बाजू पुन्हा बोलायला लागली.

पुढच्या वर्षी बापूंनी सुपारी द्यायला स्वतः माणूस पाठवला. ते काम नंतर कधी मच्छिंद्रच्या हातून गेलं नाही. पण त्याआधी खंडेनवमी आली. सकाळी मी माझ्या मशीनला हार घालत होतो, समोरचं सगळं दिसत होतं. मच्छिंद्रनं स्वतः ट्रंक उघडली, दोन्ही युनिटं काढली आणि पाटावर पालथी मांडली. लोहचुंबक वर, कागद खाली.

"ताट आण," तो म्हणाला.

झुंबरबाई दारातच थांबली. "नगं. भोंगे पुजते मी."

"आण म्हणतो ना. कुंकू वल्लं कर, पाण्यात. अन् लाव हितं, मागं, लोखंडावर. तांदूळ नगं."

तिनं कुंकू कालवलं. एका बोटानं पहिल्या लोखंडाला टिळा लावला, मग दुसऱ्याला. त्याच टिळ्यांवर ती पुढं दरसाल टिळे लावत गेली, औरंगाबादच्या गृहस्थाला गंज वाटला तो हाच. बोट पदराला पुसत ती म्हणाली, "गेल्या साली मीच केल्ती पूजा."

"ठावं हाय."

"कवा कळलं?"

"दाणा पडला तवाच. आपल्या घरचा तांदूळ व्हता."

"मंग तिथं बोलला का न्हाई? समदे तुम्हाला बोलून राह्यलते."

"कीर्तन चालू व्हतं."

"अन् नंतर? वरीस झालं."

मच्छिंद्र युनिट उचलून गोधडीत गुंडाळत होता.

"नंतर आवाज बराबर आल्ता," तो म्हणाला. "मंग काय बोलायचं?"