कुत्र्याच्या गळ्यात बैलाचा पट्टा

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. बाबा त्याला 'लेका' म्हणत आणि मला 'प्रोफेसर'. दोघांपैकी कोणाला हाक मारताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा, ते सांगायची गरज नाही.

कुत्रं वावरातलं. अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला, शहर संपतं तिथून चारेक किलोमीटरवर आमचं वावर होतं. तिथल्या विहिरीजवळच्या झोपडीत ते जन्मलं. बाबांचा गुडघा कामातून गेला, बैलजोडी विकली, आणि बाबा आमच्या कॉलनीतल्या घरी राहायला आले, तेव्हा एक पेटी, एक काठी आणि हे कुत्रं एवढंच त्यांच्यासोबत आलं. बाबा राहिले. कुत्रं मात्र दोन दिवसाआड फाटकाखालून सरपटत निघायचं आणि सरळ वावराची वाट धरायचं.

'होतं' असं मी म्हटलं ते चुकून नाही. वावर आता नव्हतं. बाबांनी ते भरवशानं माझ्या नावावर करून ठेवलं होतं आणि मी ते लेआउटवाल्याला विकून मोकळा झालो होतो. बाबांना सांगितलं होतं, ठेक्यानं कसायला दिलं. कुत्रं गेलं की बाबा काठी घेऊन त्याच्या मागं निघत. चौकापर्यंत जात, गुडघा दुखला की बसत, पुन्हा उठत. तिथून मी त्यांना गाडीवर घालून परत आणायचो. म्हणजे ज्या दिवशी कुत्रं मला बाबांच्या आधी सापडणार नाही, त्या दिवशी बाबा प्लॉटच्या चुना मारलेल्या दगडांपुढं उभे राहणार आणि माझी धडगत नाही. कुत्र्याचं काय होईल याची मला कवडीची फिकीर नव्हती. कॉलनीतले लोक म्हणायचे, सरांचा मुक्या जनावरावर भारी जीव.

तो काळ असा होता की आमच्या भागात शेती करणाऱ्यांपेक्षा शेतीवर बोलणारे जास्त झाले होते. पांढऱ्या गाड्या यायच्या, समित्या यायच्या, बांधावर उभं राहून फोटो काढायच्या आणि परतवाड्याला जेवायला जायच्या. मीही बोलणाऱ्यांतलाच. ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. अकोल्याच्या एका चर्चासत्रात मी 'शेती विकू नका' या विषयावर पाऊण तास बोललो. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. शाल-श्रीफळ घेतलं आणि खाली आलो. खरेदीखतावर सही केली होती त्याच्या आदल्या आठवड्यात. लाज वाटली का, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो, त्या दिवशी नाही वाटली. त्या दिवशी टाळ्या मिळाल्या होत्या.

बाबा रोज चहाच्या वेळी वावरातल्या कोळपणीचं विचारायचे, "प्रोफेसर, डवरणी झाली काय?"

"झाली बाबा. दुसरी चालू हाये."

"तुरीची ओळ ठेवली काय मधात?"

"ठेवली न."

मी ठेकेदारही कल्पनेतला उभा केला होता. माणूस गरीब पण कष्टाळू, दोन पोरी, बायको जरा आजारी. पेपरात पावसाची बातमी आली की आमच्या वावरात पाऊस पडे. पेपरात पावसानं दडी मारली की आमची सोयाबीन माना टाकी. एका वर्षी बोंडअळीनं सगळ्या जिल्ह्याची कपाशी खाल्ली, तेव्हा माझी नसलेली कपाशीही खाल्ली. बाबांनी विचारलं, "पंचनामा झाला काय?" आता आली का पंचाईत! मग मी एक तलाठीही तयार केला. तो दोनदा बोलावूनही आला नाही, तिसऱ्यांदा आला. पहिल्याच वेळी आला असता तर बाबांनी ओळखलं असतं.

बायको हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. "अवो, एकदाचं सांगून टाका न त्यायले," ती म्हणायची. "कुत्र्याच्या मागं कावून लागले? तोंड उघडाले काय जाते तुमचं?"

तोंड उघडायला काय जातं ते तिला काय माहीत! मी ठरवलं, कुत्र्याच्या गळ्यात यंत्र बसवायचं. कुत्रं कुठं आहे ते फोनवर दिसलं की बाबा चप्पल शोधेपर्यंत मी ते घेऊन आलो, खेळ खलास.

पहिलं यंत्र अकोल्याच्या मेहुण्यानं आणलं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जगात नवीन काही निघालं की दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात असतं आणि तिसऱ्या दिवशी बंद पडतं. त्यानं शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी एक चकती काढली. म्हणाला, "भाऊजी, याच्यात सिम नाही, रिचार्ज नाही. जवळून कोणाचा भारीतला फोन गेला का हे त्याच्यातून आपल्याले पत्ता पाठवते."

"आन नाही गेला तं?"

"असं कसं होईन? सगळ्यायपाशीच असते आता."

सगळ्यांपाशी! नांदगावच्या रस्त्याला फवारणीचा पंप पाठीवर घेऊन जाणाऱ्या माणसाच्या खिशात तसला फोन मी तरी पाहिला नव्हता. सोमवार ते शनिवार ती चकती मुकी. रविवार उजाडला आणि फोन सारखा टुणटुण वाजायला लागला. कुत्रं सापडलं, कुत्रं सापडलं, कुत्रं सापडलं. मला उमगेना. मग लक्षात आलं, रविवारी पुण्या-मुंबईत नोकरी करणारे लोक गाड्या घेऊन प्लॉट पाहायला येतात. त्यांच्या फोनांमुळं माझं कुत्रं सापडत होतं. मी विकलेल्या वावरात, माझ्या गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकांमध्ये ते शेपटी हलवत फिरत होतं. मी ती चकती मेहुण्याला परत केली. त्यानं ती सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत टाकली.

दुसरं यंत्र मी ऑनलाइन मागवलं. चित्रात एक गोरी बाई आणि तिचं पांढरं कुत्रं हिरवळीवर उड्या मारत होते. आलं तर पट्टा एवढासा, आमच्या कुत्र्याच्या मानेला अर्धाच पुरे. दोरी बांधून पुरवला. मग ॲपनं विचारलं, कुत्र्याची जात कोणती. दोनशे जाती दिल्या होत्या, त्यात गावठी कुठंच नाही. बायकोनं डोळे मिटून एकीवर बोट ठेवलं. तेव्हापासून ॲप रोज सांगायला लागलं की तुमच्या लाडक्याला बर्फात फिरायला आवडतं. बाहेर अमरावतीचं मार्चचं ऊन. आणि ते पहिल्यांदा पळालं तेव्हा नकाशावर ठिपका कुठं दिसावा? आफ्रिकेजवळच्या समुद्रात.

"पोहून राह्यलं काय थे?" बायकोनं विचारलं.

मी त्या कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहिली, चांगली झणझणीत. त्यांचं उत्तर आलं, तुमचा पाळीव मित्र आनंदात असावा. तोपर्यंत पाळीव मित्र प्लॉटवर जाऊन बसला होता आणि बाबा चौकाच्याही पुढं, पेट्रोल पंपापर्यंत पोचले होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. मी गाडी थांबवली तर म्हणाले, "तू कायले आला? म्या गेलो असतो न." आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर त्यांना कोणीतरी गाडीवर बसवून नेऊन सोडलं असतं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला कोणीही बसवतं.

शेवटी मी शहरातल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार मुसलमान, बापाच्या वेळेपासून मोटारपंप दुरुस्त करणारे. विहिरीवरची मोटर घरबसल्या फोननं चालू करायची जी पेटी असते, जिला आमच्याकडं ऑटो म्हणतात, ती आमच्या विहिरीवर त्यांनीच बसवली होती. लाइन आली की पेटी बाबांना फोन करायची आणि बाबा असतील तिथून बटण दाबून ओलीत सुरू करायचे. मी त्यांना दोन्ही फजित्या सांगितल्या. ते पोट धरून हसले.

"सर, ये सब शहर के कुत्ते का सामान है," ते म्हणाले. "आपल्या कुत्र्याले ट्रकचं लावा. शेंदूरजनाघाटचे संत्रावाले लावते न, गाडी कुठं थांबली ते पाहाले, तेच. मेसेज येते, मेसेजवर बोट ठेवलं का नकाशा. ना ॲप, ना जातपात."

"पण ते जड असते न?"

"तो पट्टा भी वैसा लाओ."

पट्टा बाबांनी दिला. पेटीच्या तळातून बैलाच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा काढला, पितळी कड्यांचा, तेल पाजून पाजून काळा झालेला. "चांगल्या बैलाचा हाये," एवढंच बोलले. तो पट्टा मी त्यांच्या हातातून कसा घेतला ते मला आठवत नाही. दुकानदारांनी त्याला आतून कप्पा शिवला, डबी बसवली, सिम टाकलं. कुत्र्याच्या गळ्यात घातला तेव्हा ते चार पावलं मान खाली घालून चाललं, मग ताठ झालं. बाबा हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

दोन दिवस कुत्रं घरीच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजात पेपर तपासत होतो, तर दुकानदारांचा फोन.

"सर, मेसेज बराबर आ रहा न?"

"मले तं एकही नाही आला."

"तुमाले कसा येईन? काकाजीच्या नंबरवर लावला न."

"कावून?"

"अरे, तुमच्या घरचं सगळं त्याच नंबरवर राहते, दहा सालापासून. लाइन आली, लाइन गेली, फ्यूज उडाला, सब काकाजी. भिंतीवर लिहेल हाये माह्या."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्याकडं कोणतीही वस्तू घरातल्या थोरल्या माणसाच्याच नंबरावर असते. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की आता मोटर नाही, विहीर नाही, म्हणून. मी पेपर तसेच टाकले आणि गाडी काढली. रस्ताभर मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. भाव नव्हता म्हणेन, रानडुकरं म्हणेन, मजूर मिळत नव्हते म्हणेन. चर्चासत्रातलं सगळं म्हणेन.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. हातात फोन, चष्मा कपाळावर. शेजारच्या काकूंनी नकाशा उघडून दिला होता म्हणे.

"ये, पाय," ते म्हणाले. "लेका विहिरीपाशी बसला."

मी वाकून पाहिलं. आणि काय सांगू, जीव भांड्यात पडला! आकाशातून काढलेला तो फोटो जुना होता. कधीचा कोण जाणे. प्लॉट नाहीत, मुरमाचे रस्ते नाहीत. काळ्या मातीवर हिरव्या ओळी, विहिरीचं गोल तोंड, बांधावर निंबाच्या झाडाची गर्द सावली, आणि सावलीच्या कडेला कुत्र्याचा निळा ठिपका. मी मनातल्या मनात त्या उपग्रहवाल्यांना हात जोडले. आपलं सरकारी काम वेळेवर होत नाही म्हणून मी आयुष्यभर बोंबा मारल्या, पण तिकडचंही वेळेवर होत नाही हे पाहून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. जीव वाचल्यावर माणसानं गप्प बसावं ना? मी नाही बसलो.

"औंदा कपाशी चांगली दिसते," मी म्हणालो.

बाबांनी चष्मा खाली घेतला. माझ्याकडं पाहिलं.

"हे तूर हाये," ते म्हणाले. "आखरी वर्सी म्याच पेरली होती. फोटो जुना हाये, प्रोफेसर. निंब तं तोडला त्यायनं."

मी विचारलं, "तुमी कवा पाह्यलं?"

"पोळ्याले. तुमी दोघं अकोल्याले गेल्ते. बैल नाही, काही नाही, म्हणलं वावर तरी पाहून यावं. आटो करून गेलो. दगडं रोवले होते सारे. निंबाचं खोड पडलं होतं, त्याच्यावर बसलो जरासा. मंग आलो परत."

पोळा होऊन सात महिने झाले होते. सात महिने ते मला रोज डवरणी विचारत होते, बोंडअळी विचारत होते, त्या नसलेल्या माणसाच्या बायकोची तब्येत विचारत होते. कुत्र्याच्या मागं काठी घेऊन निघत होते आणि मी आणायला येईपर्यंत चौकात थांबत होते.

"मंग मले बोलले कावून नाही?" माझा आवाज फाटला. "शिव्या द्याच्या होत्या. मारायचं होतं मले."

"तू सांगत होता न रोज," ते म्हणाले. "पाऊस आला, निंदन झालं, बोंडं धरले. चांगलं सांगत होता तू. ऐकाले बरं वाटे. तेवढंच वावर राह्यलं होतं माह्यापाशी."

बायको दारात येऊन उभी राहिली होती, ती आत गेली. मी खाली फरशीवर बसलो. बाबा पुन्हा फोनकडं बघायला लागले. अंगठ्यानं त्यांनी तो फोटो मोठा केला, इतका मोठा की ठिपका कडेला गेला आणि मधात नुसत्या तुरीच्या ओळी राहिल्या.

"हे चित्र बदलते काय रे?" त्यांनी विचारलं.

"बदलते बाबा. दोन-चार वर्सांनी नवा फोटो टाकते."

त्यांनी मान हलवली. फोन विझू नये म्हणून काचेवर पुन्हा बोट ठेवलं.

"बदलन त्या दिवशी मले सांगू नोको," ते म्हणाले. "आता जा, आन त्याले घेऊन ये. उनात बसला असन."