वेळ अमावस्येची खीर

नवस फेडायला निघालेल्या माणसाच्या मनात धाकधूक नसावी. माझ्या मनात होती. वर्षापूर्वी यांच्या हृदयाचं ऑपरेशन चालू असताना मी राणीसावरगावच्या देवीला बोलले होते, की यांना उपाशीपोटी तुझ्या पायांशी आणीन, पेढ्यांचा नैवेद्य दाखवीन आणि मगच आम्ही दोघं तोंडात घास घालू. यांना मधुमेह आहे, हे त्या घाईत मी सोयीस्करपणे विसरले. पुढं आठवलं तेव्हा शब्द देऊन बसले होते, आणि दिलेला शब्द मोडायचा तर देवी काय करील याची मला भीती वाटायची.

यांना खरं तर समुद्र बघायचा होता. एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणून मी जिंतूरहून यांना गोदावरीच्या काठाला आणलं. आदल्या दिवशी चारठाण्याची जुनी मंदिरं पाहिली, रात्री गंगाखेडला उतरलो आणि अमावस्येच्या सकाळी घाटावर स्नानाला गेलो. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ओली लुगडी, फुलांच्या टोपल्या, कुणाचे मंत्र, कुणाची भांडणं. हे मात्र खुशीत होते. लाटा कुठं आहेत, वाळूत शिंपले का नाहीत, असं विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं. मग बाजारात दुकानादुकानाशी रेंगाळले. सकाळी सवयीनं इन्सुलिन घेतलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पोटात चहाचा घोटही नव्हता. दोनदा त्यांनी काहीतरी खाऊ या का म्हणून विचारलं, दोनदा मी डोळे वटारले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, माझ्यापुढं गप्प बसला.

गाडी हेच चालवत होते. देवळाकडचा अर्धा रस्ता सरल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. मी काहीतरी विचारलं, तर म्हणाले, "फळा पुसला का?" मला आधी थट्टाच वाटली. मग गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला झुकायला लागली. मी ओरडले, त्यांना ऐकू गेलं नाही. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी बाभळीपासून हातभर अंतरावर थांबली. यांचा सदरा घामानं भिजला होता, हात थरथरत होते, आणि नजर माझ्यावर असून मला ओळखत नव्हती.

साखर कमी झाली, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. समोर सात-आठ घरं होती. मी पळत गेले. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, किराणा दुकानाची फळी लावलेली. सगळं गाव गेलं कुठं? मग ध्यानात आलं, आज वेळ अमावस्या. या भागात त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही, सगळे शेतात पूजा करून तिथंच जेवतात. आमच्या जिंतूरकडं या सणाचं एवढं नसतं, म्हणून मला आठवण राहिली नाही.

आता लिहायला लाज वाटते ते लिहिते. गाडीच्या मागच्या सीटवर पेढ्यांचा डबा होता. परत आल्यावर माझा हात त्याच्याकडं गेला, आणि मागं आला. देवीचा नैवेद्य, अजून दाखवलेला नाही. यांची मान एका बाजूला कलत होती आणि मी हिशेब करत होते की देऊळ आता किती लांब असेल. मी नुसता हॉर्न दाबून धरला आणि रडायला लागले.

रस्त्याकडेच्या ज्वारीतून एक साठीची बाई बाहेर आली. पाहुण्यांची वाट बघायला ती तेवढ्यात बांधावर आली होती, हे मागाहून कळलं. तिनं यांच्याकडं एकदाच पाहिलं.

"शुगर हाय ना? आमच्या मालकाचं बी असंच व्हतंय."

ती लगबगीनं मागं फिरली आणि ताट घेऊन आली. शेतातल्या कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांपुढं ठेवायचं ते ताट, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वर तुळशीचं पान होतं. पूजा व्हायची होती. आणि मी, तशा अवस्थेत, काय बोलले? म्हणाले, "मावशी, अजून नैवेद्य दाखवायचाय ना?"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तुळशीचं पान बाजूला केलं, खिरीतला गुळाचा रस बोटानं यांच्या ओठांच्या आत लावला आणि म्हणाली, "देव काय उपाशी मरायलाय व्हय? आधी ह्यास्नी गिळू द्या."

तेव्हा माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी डबा उघडला, पेढा कुस्करला आणि तिच्या बोटांमागून माझी बोटं यांच्या तोंडाशी नेली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. यांनी डोळे नीट उघडले, मला नावानं हाक मारली आणि खीर अजून आहे का म्हणून विचारलं.

मग मावशीच्या कोपीत बसून आम्ही पोटभर जेवलो. त्या मावशीनं त्याच भांड्यातली खीर पुन्हा ताटात वाढून देवाला दाखवली, काही घडलंच नाही अशा थाटात. मी तिचं नावही विचारलं नाही. ती नेमकी त्याच क्षणी बांधावर कशी आली, याचा मी शोध घेत नाही. आली, एवढं मला जन्मभर पुरेल. देवीला मी इतकी वर्षं एक कडक हेडमास्तरीण समजत होते आणि तिच्या वतीनं घरात छडी घेऊन फिरत होते. ती छडी माझीच होती. जे तिच्यावर सोपवलं म्हणायचे, ते मी कधी मुठीतून सोडलंच नव्हतं.

दुपार कलताना देवळात पोचलो. माफी मागायची म्हणून वाटेत शब्द जुळवले होते. समोर उभी राहिले तर एकही आठवेना. शेजारी हे हात जोडून उभे होते, ओठांच्या कोपऱ्यात खिरीचा डाग तसाच होता. मी तो पदरानं पुसला आणि देवीला म्हणाले, "आई, हे जेवलेत."