महिपतीची काळी पूड

ज्याला हिंजवडीला जायचं नव्हतं असा आमच्या प्रयोगशाळेत एकच माणूस होता, महिपती काळभोर. दोन हजार सहाची गोष्ट. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली पोरं कसलासा कोर्स करून कॉम्प्युटरपुढे बसत होती आणि पहिल्याच दिवाळीत गाडी घेत होती. हा आपला डिझेलमधलं गंधक काढत बसलेला. थोरल्या भावाने, रणजितने, लोणी काळभोरला प्लॉटिंगचं ऑफिस थाटलं होतं आणि त्यात महिपतीसाठी फिरती खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. खुर्चीचा विषय निघाला की महिपती जेवणावरून उठायचा.

त्याचं काम सांगते, घाबरू नका. डिझेलमधलं गंधक काढायला उत्प्रेरक लागतो, म्हणजे स्वतः न झिजता दुसऱ्यांकडून काम करून घेणारा. आमचे प्रमुख शरच्चंद्र सरही तसेच, पण ते असो. महिपती ऱ्होडियम वापरायचा. सोन्याहून महाग धातू. त्याचा क्षार आणि फॉस्फेट सिलिकावर चढवायचं, वाळवायचं, भाजायचं, मग नळीत भरून हायड्रोजनच्या झोतात तापवायचं. एवढं करून हाती येते चिमूटभर काळी पूड, ऱ्होडियम फॉस्फाइड. दिसायला मशेरी. ही पूड ताजी असताना तिला एकदम हवा लागू द्यायची नसते. किंचित ऑक्सिजन मिसळलेला वायू हळूहळू सोडून हवेची सवय लावावी लागते. नाहीतर पेटते.

दसरा झाला की एका तेल कंपनीची माणसं चाचणी बघायला येणार होती. गंधक उतरलं तर प्रकल्प पुढे चालणार आणि महिपती कायम होणार. नाही उतरलं तर कंत्राट संपलं, चला लोणीला. आणि ऱ्होडियमचा क्षार उरला होता एका खेपेपुरता. नवा परदेशातून यायचा, म्हणजे विसराच.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, असा सरांचा दंडक. सर अमेरिकेत शिकलेले, म्हणून जास्तच कडक. महिपतीची पूड, त्या शेवटच्या क्षाराची, त्याच पहाटे तयार झाली होती. त्याने नळी गार केली, दोन्हीकडचे कॉक बंद केले आणि हवेची सवय लावायचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. बंद नळीत पूड सुखरूप होती.

त्याची आई तुळजाबाई त्या दिवशी पहिल्यांदाच आली. झेंडूच्या माळा, साखरफुटाणे, नवं लुगडं. लेक एवढी वर्षं काय करतो ते एकदाचं बघायचं होतं तिला. तेवढ्यात सरांनी महिपतीला केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांच्या जेवणात श्रीखंड की बासुंदी, हे ठरवायला.

"ह्यात काय हाय?" तुळजाबाईंनी नळीकडे बोट करून पोपटला विचारलं. पोपट म्हणजे आमचे सिलिंडर सांभाळणारा.

"महिपतीदादांचा माल. झालाय तयार."

"मग कोंडून का ठिवलाय? कोयता काय पोत्यात ठिवून पुजत्यात व्हय? भाईर काढून पाटावर मांडा की."

पोपटला पटलं. भट्टी गार, सिलिंडर बंद, म्हणजे त्याच्या लेखी काम संपलेलं. त्याने नळी सोडवली आणि पूड ताम्हनात ओतली. तुळजाबाईंनी हळद-कुंकू वाहायला चिमूट उचलली, वाहिली, आणि पूड लाल झाली. ज्वाळा नाही, आवाज नाही. कडेपासून मध्यापर्यंत निखाऱ्यासारखी फुलत गेली.

"आई अंबाबाई!" तुळजाबाईंनी हात जोडले. पोपटने जोडले. दारात आलेल्या सरांनीसुद्धा जोडले आणि मग काय झालंय ते कळून खाली घेतले. त्यांच्यामागे महिपती उभा होता, आणि पूजेचा नारळ घेऊन नुकतीच पोचलेली मी.

"देवी परसन्न झाली बघ! चांगलं झालं न्हवं रं?"

महिपतीने ताम्हनाकडे पाहिलं. मग आईकडे, आणि हसला.

"हो आई. फार चांगलं झालं."

आणि वाकून पाया पडला! काय म्हणावं या माणसाला? माझा असा संताप झाला की हातातला नारळ पाटावर फोडावा की त्याच्या टाळक्यात, हेच कळेना. रडूही येत होतं.

दुपारी तुळजाबाईंना बसस्टॉपवर सोडायला मी गेले.

"बाई, ते पेटाया नगं हुतं न्हवं?"

मी बस येते का ते बघू लागले.

"त्याच्या तोंडावरनं कळलं मला. त्याला सांगू नगासा, मला कळलंय म्हणून. माझ्यासाठी हासला त्यो. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या त्याचं."

ती पूड महिपतीने पुन्हा हायड्रोजनमध्ये तापवून पाहिली. गुठळ्या झालेल्या, त्यात हळद. पाहुणे आले, बासुंदी जेवले, गंधक जिथल्या तिथे राहिलं. महिन्याभरात महिपती लोणीला गेला. प्लॉट छान विकतो म्हणे.

दर खंडेनवमीला त्यांच्याकडे मला बोलावणं असतं. जमलेल्या पाहुण्यांना तुळजाबाई ठसक्यात सांगतात, माझ्या लेकाच्या हापिसात देवी परगट झाली हुती. महिपती शेजारी बसून "हो, हो" करतो. सांगताना त्या त्याच्याकडे बघत नाहीत, आणि तोही त्यांच्याकडे बघत नाही.