ओले बूट जमा होत नाहीत

तुम्हीच सांगा, ज्या दिवशी शहरात कुठेच आग लागली नाही, त्या दिवशी आग विझवणाऱ्याने काम केलं की नाही?

लग्न होऊन मी बडोद्याच्या या फायर स्टेशनमागच्या क्वार्टर्समध्ये आले, तेव्हापासून मला हा प्रश्न पडलेला आहे. माझं शिक्षण बारावीपर्यंत. पगार, ठेका, खाजगीकरण या गोष्टी कुणी नीट समजावल्या तर समजतात. पण समजावणारे दोघे असले की माझी गडबड होते! किस्से मात्र मला गोळा करावे लागत नाहीत. माझा ओटा स्टेशनच्या अंगणातच उघडतो. दोरीवरच्या कपड्यांवर धूळ बसावी तसे ते आपोआप साठत जातात.

*

आमचे हे परमनंट. हितेश एजन्सीचा. म्हणजे महानगरपालिकेने माणसं पुरवायचा ठेका एका एजन्सीला दिला आणि एजन्सीने हितेशला पाठवलं. प्रतापनगरचा मुलगा, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. आमच्या स्टेशनवर त्याची बरीच वर्षं गेली.

पाण्याची नळी दोघांनी धरायची असते. पुढे हे, मागे हितेश. पाण्याचा जोर असा असतो की मागच्याने सोडलं तर पुढचा उडून पडेल.

मी एकदा विचारलं, "अहो, नळी एक, पाणी एक, आग एक. मग पगार दोन कसे?"

हे म्हणाले, "मी परमनंट आहे ना."

हितेश म्हणाला, "भाभी, आगीला अजून कुणी सांगितलं नाहीये. ती दोघांना सारखंच भाजते!"

दोघंही हसले. मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

*

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान बडोद्यातच समा भागात राहतात, अलकापुरीत त्यांचं ऑफिस आहे. भाऊजींचं मत ठाम. "सगळं प्रायव्हेट करून टाका! कुरिअर बघा. सकाळी दिलं की दुसऱ्या दिवशी पोचतं."

मला पटलं.

हे म्हणाले, "भाऊजी, दार बंद दिसलं की कुरिअरवाला परत जातो. आम्ही पण जायचं का?"

मला तेही पटलं.

भाऊजी चिडले. "अरे, पण मी कधीही तुझ्या स्टेशनवरून जातो, तुम्ही कॅरम खेळत असता! त्याचा पगार आम्ही का द्यायचा?"

हे शांतपणे म्हणाले, "आम्ही कॅरम खेळतोय ना, मग तुमचं ऑफिस शाबूत आहे समजा."

ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू नक्की कुणाच्या बाजूची गं?"

मी खरं ते सांगितलं. "जो बोलत असतो त्याच्या."

*

एकदा एजन्सीचे एक मोठे साहेब पाहणीला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. आमच्या स्टेशन ऑफिसरना विचारू लागले, "मागच्या महिन्यात आगीचे कॉल इतके कमी का? स्टाफ तर पूर्ण दिला आहे!"

ऑफिसर बिचारे गोंधळले. आधी त्यांना वाटलं, साहेब कौतुक करतायत. मग लक्षात आलं, रागावलेत!

ते सावरून उभे राहिले आणि म्हणाले, "सॉरी सर. या महिन्यात लोकांना विनंती करतो!"

साहेबांनी मान डोलावली आणि टॅबवर काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, याची चर्चा आमच्या ओट्यावर होळीपर्यंत चालली.

*

भाऊजींच्या सोसायटीत पार्किंगमध्ये मगर आली, तो किस्सा तर सगळ्या समामध्ये माहीत आहे. विश्वामित्री नदीला पाणी चढलं की मगरी फिरायला निघतात, त्याचं बडोद्यात कुणाला नवल नाही. नवल वॉचमनचं. तो सिक्युरिटी कंपनीचा माणूस. त्याने मगर बघितली, गेटबाहेर आला आणि गेटला बाहेरून कुलूप लावून खुर्ची टाकून बसला!

भाऊजी गॅलरीतून ओरडले, "अरे, मगर आत आहे!"

"हा साहेब. बाहेरचं कुणी आत सोडायचं नाही, एवढीच माझी ड्यूटी आहे. आतलं काँट्रॅक्टमध्ये नाही."

मग भाऊजींचा यांना फोन. "दिलीप, गाडी पाठव!"

हे म्हणाले, "भाऊजी, कुरिअर करू का?"

पण गाडी निघालेलीच होती. हितेशने ओलं गोणपाट मगरीच्या डोळ्यांवर टाकून तिला गप्प केलं, मग जंगल खात्याची माणसं येऊन तिला घेऊन गेली. भाऊजींनी हितेशच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! एजन्सीचा ना? तरीच!"



*

आता सोलंकीकाका. आमचे स्टोअरकीपर. हेल्मेट, कोट, बूट, सगळं त्यांच्या ताब्यात, आणि त्यांचा नियम एकच. "भीनं सामान नहीं चाले!" ओलं सामान आत घेतलं की बुरशी धरते, म्हणून कोरडं झाल्याशिवाय ते जमा करून घेतच नाहीत. आणि सामान जमा झाल्याशिवाय क्लिअरन्स नाही. क्लिअरन्स नाही तर माणूस सुटत नाही, आणि जुना सुटल्याशिवाय त्या जागेवर नवा घेता येत नाही. मग तो परमनंट असो की एजन्सीचा.

आमचे जुने ऑफिसर रिटायर झाले त्या दिवशी सत्कार चालू असतानाच कॉल आला. हार घालूनच गेले आणि भिजून परत आले. काकांनी कोट हातात घेतला, पिळून बघितला आणि परत दिला.

"काका, मी रिटायर झालो!"

"तमे झाला, साहेब. कोट झाला नाही."

साहेब गळ्यात हार घालून माझ्या ओट्यावर कोट वाळायची वाट बघत बसले. मी त्यांना पोहे दिले. काकांची तऱ्हाच तशी. सकाळी हजेरीनंतर गाडीवरची माणसं पंप चालू करून पाणी मारून बघतात, लिंबाच्या झाडाला रोज फुकटची आंघोळ होते. तेव्हा स्टोअरच्या भिंतीवर शिंतोडा जरी उडाला, तरी काका खिडकीतून ओरडतात. स्वतः मात्र कधी बाहेर येत नाहीत. नळीला तर त्यांनी हातही लावलेला मी पाहिला नव्हता.

*

आणि मग एजन्सी बदलली. नव्या एजन्सीने कमी भाव भरला होता, माणसं त्यांची स्वतःची येणार होती. हितेशला सांगण्यात आलं, सामान जमा कर.

तो आला. बूट असे चकचकीत घासलेले की जणू सासरी निघाले आहेत. सोलंकीकाका जेवायला गेले होते, म्हणून मी म्हटलं, "बस, शेव-उसळ केली आहे." तो पाटावर बसला, बूट शेजारी.

"भाभी," तो म्हणाला, "मी कालपर्यंत फायरमन होतो. घरी मुलीने विचारलं, उद्या कोण? काय सांगू?"

मी त्याच्या पानात उसळ वाढली. हे शेजारीच जेवत होते.

तेवढ्यात घंटा झाली.

हे उठले. हितेशही उठला. आमच्याकडे घंटा झाली की माणूस आधी उठतो, मग विचार करतो. त्याचे पाय बुटात गेलेसुद्धा!

"अरे, तू नाही!" हे ओरडले.

पण हितेश गाडीवर चढला होता, आणि गाडी थांबवायला वेळ कुणाला होता? मी मागे दोन्ही ताटं झाकून ठेवली.

आग अलकापुरीतली होती. भाऊजींच्या ऑफिसच्याच इमारतीत, खालच्या दुकानात वायरिंग पेटलं होतं आणि जिना धुराने भरला होता. यांनी आणि हितेशने नळी धरली, पुढे हे, मागे तो. आग आटोक्यात आल्यावर हितेश वर गेला आणि भाऊजींना खांद्याला धरून खाली घेऊन आला. भाऊजींचं तोंड काळं, चष्मा गायब, पण आवाज शाबूत!

"बघ दिलीप," ते खोकत म्हणाले, "शेवटी प्रायव्हेट माणूसच कामाला आला!"

हे म्हणाले, "भाऊजी, तो आता प्रायव्हेट पण नाही. त्याचं काम संपलं."

"मग सरकारी आहे?"

"नाही."

"मग आला कसा?"

यांनी हितेशकडे बघितलं. हितेशने यांच्याकडे बघितलं. भाऊजींनी दोघांकडे बघितलं. यांनी घरी येऊन सांगितलं, मग दोघांनी नळी गुंडाळायला घेतली.

संध्याकाळी हितेश स्टोअरच्या खिडकीशी उभा राहिला. बुटांतून पाणी गळत होतं. सोलंकीकाकांनी एक बूट उचलला, उलटा केला, आतलं पाणी जमिनीवर पडू दिलं.

"भीनं सामान नहीं चाले, बेटा. वाळले की आण."

हितेशने बूट माझ्या ओट्यावर ठेवले, झाकलेलं ताट उघडून गार उसळ खाल्ली आणि घरी गेला. नव्या एजन्सीचा माणूस दोनदा चौकशी करून गेला. मी त्याला बूट दाखवले. तो म्हणाला, "उद्या ऊन पडेल, बेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं कडक ऊन पडलं होतं, बूट ओट्यावर वाळत होते. हजेरी झाली, पंप चालू झाला, तेव्हा सोलंकीकाका स्टोअरमधून बाहेर आले, त्यांनी यांच्या हातातली नळी घेतली आणि पाणी माझ्या ओट्यावर मारलं.