चष्म्यांच्या खोलीत कोण ऐकत होतं

हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बनवणारा एक कारखाना आहे. तिथली चष्म्यांची खोली मेघा रामटेके सांभाळायची. चष्मे साधे नव्हेत. काडीला कॅमेरा, कानाशी माइक. कामगार चष्मा घालून उभा राहिला की पुण्यात बसलेल्या इंजिनिअरला सगळं दिसे आणि तिथूनच तो सांगे, ‘तो नट नाही, वरचा.’ नव्या पोरांना शिकवायला डोळे पार झाकणारे हेडसेटही होते. सकाळी हे सगळं वाटायचं, संध्याकाळी पुसून चार्जिंगला लावायचं, एखादा चष्मा हरवला तर कॉम्प्युटरवरून बंद करायचा, हे मेघाचं काम. इंदोऱ्यात वाढलेली बाई, बोलायला मोकळी. तिच्या खिडकीशी बायका घडीभर रेंगाळायच्याच.

एका संध्याकाळी काजल आली. कुहीकडची पोर, हाताला चलाख. लाइनची प्रमुख म्हणून तिचं नाव पुढं होतं. चष्मा कपाळावर सरकवून ती हळूच म्हणाली, “ताई, मले दिवस गेले. अजून घरीबी नाही सांगितलं.”

मेघानं तिचा हात दाबला. बात तिथंच संपली.

आठवडाभरानं सुपरवायझर धर्मेंद्रनं काजलला लाइनवरून काढून पॅकिंगला बसवलं. “तुझ्या तब्येतीसाठीच,” असं गोड बोलला. प्रमुखपद दुसऱ्याला गेलं.

काजल तडक खिडकीशी आली. “तू काहून सांगितलं वं?”

“मी? कोणाले?”

“तुझ्याशिवाय कोणालेच माहीत नव्हतं.”

मेघानं शपथ घेतली, पण काजल पाठ फिरवून गेली. त्या दिवसापासून खिडकीशी कुणी थांबेना. बायका चष्मा ठेवत आणि निघून जात. जेवायला मेघा बसली की शेजारचं बोलणं बंद पडे. अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं तिला. रात्री ती स्वतःलाच विचारी, आपण झोपेत तर बोललो नाही ना? नवऱ्याजवळ? त्याच्या ओळखीचं इथं कोण आहे? घरच्या माणसावरही तिचा संशय गेला.

मग एकदा चष्मे पुसताना तिचा अंगठा माइकच्या बारीक छिद्रावर थांबला. त्या दिवशी चष्मा काजलच्या कपाळावरच होता.

तिच्या कॉम्प्युटरवर फक्त कोणता चष्मा कुठं आणि बॅटरी किती, एवढंच दिसे. बाकीच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, धर्मेंद्रकडे. विचारून तो खरं सांगणार थोडाच? तिनं एक चष्मा चढवला, कँटीनच्या मागं गेली आणि फोन कानाला लावून मोठ्यानं बोलली, “हो जी, सोमवारी येते ना इंटरव्ह्यूले. बुटीबोरीले. इथं कोणाले नाही सांगितलं.” फोनवर कुणीच नव्हतं.

शुक्रवारी धर्मेंद्र खिडकीशी येऊन हसला. “मेघाताई, सोमवारी सुट्टी घेऊन राहिल्या काय? आधीच सांगत जा ना!”

मेघा शांतपणे म्हणाली, “तुम्हाले कोणी सांगितलं, सर?”

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं.

ती थेट मॅनेजर गोपाळरावांकडं गेली. त्यांनी आधी सारवासारव केली: कामाचा दर्जा सुधारावा म्हणून आवाज साठवतो, काळजी करू नका.

“चहाच्या सुट्टीतलाबी? पोरीच्या पोटातल्या लेकराचाबी?” मेघाचा आवाज चढला. “उद्या सकाळी चष्मे वाटताना मी हे सगळ्यांले सांगणार. मंग घालतील की नाही, तुम्हीच पाहा.”

चष्म्यांवाचून काम एक दिवसही चाललं नसतं, हे गोपाळराव जाणून होते. आठवडाभरात कामाच्या जागेबाहेर माइक बंद होण्याची सोय झाली. धर्मेंद्रच्या चाव्या गेल्या. काजल लाइनवर परत आली, प्रमुख म्हणूनच.

मेघानं तिला सगळं सांगितलं. काजलनं ऐकून घेतलं. “बरं झालं ताई,” म्हणाली, पण बोलताना तिची नजर मेघाच्या खांद्यावरून कपाटातल्या चष्म्यांच्या रांगेवर फिरत होती. जाताना तिनं हातातला चष्मा माइक खाली येईल असा उपडा ठेवला.

काजलला मुलगी झाली. बारशाचे पेढे कारखान्यात वाटले गेले तेव्हा मेघाला ते कळलं. तिलाही एक पेढा मिळाला, दुसऱ्याच बाईच्या हातून. तो तोंडात टाकताना तिच्या मनात आलं, काजलला अजूनही वाटत असेल काय, की मीच बोलले?