आण्णांना घेऊन दिलेला डॉक्टर

मागच्या वर्षी मी आमच्या आण्णांना एक डॉक्टर घेऊन दिला.

लोक वडिलांना काठी घेऊन देतात, ऐकायचं यंत्र घेऊन देतात. मी डॉक्टर दिला! आई गेल्यापासून आण्णा मलकापुरात एकटे, मी सांगलीला बँकेत, आणि त्यांच्या छातीचा भाता अधूनमधून रुसायचा. तेवढ्यात तिथल्या एका डॉक्टरांनी योजना काढली : वर्षाचे पंचवीस हजार एकदम भरा, निळं कार्ड घ्या, रांग न लावता थेट आत! मी पैसे भरले आणि इतका हलका झालो, की पुढचे दोन महिने तिकडे फिरकलोच नाही.

आण्णा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी ते कार्ड खिशात घालून दवाखान्यात गेले आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसले.

"आण्णा, मग कार्ड कशाला घेतलंय?" मी फोनवर ओरडलो.

"माणसं सकाळधरनं बसल्यात रं. त्यांच्या डोस्क्यावर पाय दिऊन जाऊ व्हय?"

महिन्याभराने डॉक्टरांचाच फोन. "तुमच्या वडिलांच्या कार्डावर अकरा पेशंट येऊन गेले. त्यात दोन गरोदर बायका होत्या!"

आण्णांनी तिथे छावणीच टाकली होती. बाकावर बसून रांगेवरून नजर फिरवायची, ज्याचं जास्त दुखतंय त्याच्या हातात कार्ड द्यायचं, आणि स्वतः शेवटी जायचं. लोक डॉक्टरांच्या आधी आण्णांनाच जीभ दाखवायला लागले!

शेवटी मी रजा टाकून गेलो. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सुभेदार, दिवसाला शंभर पेशंट बघून मला कुणाचं तोंडसुद्धा आठवत नव्हतं. थोडेच घ्यावेत, नीट बघावेत, म्हणून हे काढलं."

"ब्येस केलं," आण्णा म्हणाले. "पर ऱ्हायलेल्यांनी कुटं जायाचं?"

डॉक्टर टेबलावर पेन शोधू लागले. मी छताकडे बघत बसलो. (हे उत्तर पंचवीस हजारांत बसत नव्हतं.)

बाहेर आलो, तर माण तालुक्यातून दोन एसट्या बदलून आलेली एक म्हातारी बाकावर कण्हत होती. आण्णांनी माझ्या देखत तिच्या हातात कार्ड ठेवलं आणि तिला आत पाठवलं! माझं डोकंच फिरलं. सगळ्या रांगेसमोर मी त्यांना झापायला लागलो. "पैसे काय झाडाला लागतात? तुमच्यासाठी भरलेत मी, तुमच्यासाठी!"

आण्णा हळूच खाली बसले. अंगाला दरदरून घाम, श्वास वर ओढलेला.

"आत घ्या यांना!" मी नावनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंवर ओरडलो.

"कार्ड?" बाई सवयीने म्हणाल्या.

कार्ड म्हातारीबरोबर आत होतं! आणि अशा वेळी मी काय करावं? मी मोबाईलमध्ये पैसे भरल्याची पावती शोधायला लागलो!

"आवं, पावती ऱ्हाऊ द्या! उचला सुभेदारास्नी!" रांगेतून कुणीतरी गरजलं. चौघांनी त्यांना उचलून आत नेलं. म्हातारी आपणहून तपासायच्या टेबलावरून उतरली. सगळ्यांच्या मागून मी पोचलो, हातात पावती घेऊन.

संध्याकाळी आण्णांचा श्वास ठिकाणावर आला. नाकात नळी, चेहरा उतरलेला. मी फार घाबरलो होतो, आणि त्याहून जास्त मला माझी लाज वाटत होती. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आण्णा, पुढच्या वर्षाचं कार्ड भरू का नको?"

"भर," आण्णा म्हणाले. "दर रविवारी ह्यो डॉक्टर फोन करून 'जेवलासा का' म्हणून इचारतो. बरं वाटतं." मग ते माझ्याकडे वळले. "तू वर्साला किती घेशील रं?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बँकेतून फोन आला, आणि मी तो घ्यायला बाहेर गेलो!